रिकाम्या खुर्चीची मालकी

प्रतिनिधी कोणाचा, असा प्रश्न कोणी केला तर शाळेतला मुलगाही ‘ज्यांनी निवडून दिला त्यांचा’ असे चटकन उत्तर देईल. ह्या उत्तरात खोड काढण्यासारखे काही नाही. परंतु ज्या उत्तरांत खोड काढता येत नाही तीच उत्तरे प्रसंग पडला म्हणजे माणसे सर्वांच्या आधी विसरतात, असा आमचा आजवरच्या अध्यापनाचा अनुभव आहे; आणि विसरणाऱ्यांत एकदा आम्ही स्वतःही होतो, ही गोष्ट लेखाच्या शेवटी सांगणे आम्हांस प्राप्त आहे. तत्पूर्वी वाचकांस अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या कायदेमंडळाकडे, आणि त्यातही १३६ ह्या क्रमांकाच्या एका लहानशा मतदारसंघाकडे, थोडा वेळ घेऊन जाण्याची आमची इच्छा आहे.

अटलांटा हे जॉर्जियाचे राजधानीचे शहर. तेथील कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून हा मतदारसंघ १९६५ साली नव्याने आखला गेला. त्यात मतदार सुमारे ६,५०० आणि त्यांपैकी कृष्णवर्णीय सुमारे ६,०००. एवढ्याशा टापूला स्वतंत्र प्रतिनिधी मिळावा ही गोष्ट आज आपणांस सहज वाटेल. पण त्यापूर्वीचा हिशेब पाहिला म्हणजे ती किती उशिरा आणि किती कष्टाने घडली हे कळते. जुन्या पद्धतीत जॉर्जियाचे कनिष्ठ सभागृह २०५ सभासदांचे होते आणि प्रतिनिधित्व माणसांना नसून परगण्यांना होते. एकंदर १५९ परगण्यांपैकी सर्वांत मोठ्या आठांना प्रत्येकी तीन, त्यानंतरच्या तिसांना दोन आणि उरलेल्या १२१ परगण्यांना प्रत्येकी एक प्रतिनिधी, अशी वाटणी होती. अटलांटा शहराचा बहुतेक भाग ज्यात येतो त्या फुल्टन परगण्याची लोकसंख्या १९६० च्या जनगणनेत ५,५६,३२६ होती. त्याला तीन जागा. एकोल्स परगण्यात १,८७६ माणसे. त्याला एक जागा. म्हणजे एकोल्समधल्या एका शेतकऱ्याचे वजन अटलांटातल्या जवळजवळ नव्व्याण्णव माणसांच्या बरोबरीचे झाले! शहरातील गोरा मनुष्यही ह्या तागडीत हलकाच भरत असे, मग कृष्णवर्णीयाची कथा काय सांगावी? १५ जून १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या अलाबामा राज्यातील एका दाव्यात असा निवाडा दिला की, राज्यांच्या कायदेमंडळांची दोन्ही सभागृहे लोकसंख्येच्या मानानेच भरली पाहिजेत. सभासद हे माणसांचे प्रतिनिधी असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत. योगायोग असा की, बरोबर एका वर्षाने, १५ जून १९६५ रोजी, १३६ व्या मतदारसंघाने आपला पहिला प्रतिनिधी निवडला. ज्यूलियन बॉंड ह्या तरुणास २,३२० मते पडली, प्रतिस्पर्ध्यास ४८७.

तथापि ह्या वस्तीचा इतिहास १९६५ पासून मोजला तर मोजणारा फसेल. तो मागे यादवी युद्धापर्यंत जातो. गुलामगिरी नष्ट झाल्यावर १८६८ साली जॉर्जियात जी निवडणूक झाली तीत कृष्णवर्णीय मतदारांनी आपली माणसे कायदेमंडळात पाठविली. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सभागृहाने त्यांना बाहेर काढले. कारण काय म्हणाल? राज्यघटनेने त्यांना मत देण्याचा हक्क दिला आहे, परंतु अधिकाराच्या जागी बसण्याचा हक्क शब्दशः दिलेला नाही! बिब परगण्याचे प्रतिनिधी हेन्री टर्नर हे धर्मोपदेशक होते. त्यांनी ३ सप्टेंबर रोजी सभागृहात जे भाषण केले त्यात दयेची याचना नव्हती, हक्काची भाषा होती. त्याचा उपयोग झाला नाही. आणि ह्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, रिकाम्या झालेल्या जागांवर पराभूत गोऱ्या उमेदवारांस बसविण्यात आले. मतदारांनी ज्यांना नाकारले होते तेच त्यांचे प्रतिनिधी म्हणून मिरवू लागले. पुढे राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १८६९ साली अधिकारपदाचा हक्क मान्य केला, केंद्रीय काँग्रेसनेही हात घातला आणि १८७० च्या जानेवारीत काढलेली माणसे परत आली. पण ते दिवस थोडे टिकले. १९०७ साली मॅकिंटॉश परगण्याच्या डब्ल्यू. एच. रॉजर्स ह्यांनी राजीनामा दिला, आणि त्यानंतर १९६५ च्या निवडणुकीपर्यंत त्या सभागृहात एकही कृष्णवर्णीय मनुष्य निवडून आला नाही. १८६८ साली हद्दपार झालेल्या ३३ सभासदांच्या स्मरणार्थ पुढे विधानभवनाच्या आवारात एक शिल्प उभारले गेले. ते ज्यांच्या डोळ्यांसमोर उभारले गेले त्यांत बॉंडही होते. कारण मध्यंतरी त्यांच्यावरही तोच प्रसंग गुदरून गेला होता.

१० जानेवारी १९६६ हा शपथविधीचा दिवस. बॉंड ह्यांचे सव्विसावे वर्ष पुरे होण्यास चार दिवस कमी होते. नव्या सभासदांस शपथ देण्याची वेळ आली तेव्हा त्यांना बाजूला थांबण्यास सांगण्यात आले. झाले होते ते असे. विद्यार्थ्यांच्या ज्या अहिंसक समन्वय समितीचे ते प्रसिद्धिप्रमुख होते, तिने चार दिवस आधी व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध एक पत्रक काढले. सक्तीच्या लष्करभरतीस जाण्याची ज्यांची तयारी नाही त्यांच्याविषयी त्यात सहानुभूती व्यक्त केली होती. पत्रक बॉंड ह्यांनी लिहिले नव्हते. पण वार्ताहराने विचारले तेव्हा ते आपणांस मान्य आहे असे त्यांनी सांगितले. तेवढे पुरे झाले. सभागृहाच्या ७५ सभासदांनी त्यांच्या प्रवेशास हरकत घेतली. चौकशी समितीपुढे त्यांनी सांगितले की, भरतीची कार्डे जाळणाऱ्यांच्या धैर्याचे आपणांस कौतुक वाटते, परंतु तसे करा असा सल्ला आपण कोणास दिलेला नाही; आपले स्वतःचे कार्ड ह्या घटकेस खिशात आहे, हवे तर दाखवितो. दोन्ही राज्यघटनांशी निष्ठेची शपथ घेण्यास ते तयारच होते. समितीने २३ विरुद्ध ३ मतांनी त्यांना नाकारले आणि सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी समितीची री ओढली. इतर कृष्णवर्णीय प्रतिनिधींस मात्र बसू देण्यात आले. तेव्हा हा वर्णाचा प्रश्न नव्हे, निष्ठेचा आहे, असे म्हणण्याची सोय झाली.

आता येथे क्षणभर त्या १८४ सभासदांची बाजू घेऊन पाहू. प्रतिपक्षास मूर्ख किंवा दुष्ट ठरवून वाद जिंकणे सोपे असते, परंतु त्यातून काही शिकावयास मिळत नाही. ते म्हणत : देश युद्धात गुंतला आहे, आमचे मुलगे रणांगणावर मरत आहेत, अशा वेळी सैन्यात जाण्यास नकार देणाऱ्यांचे कौतुक करणारा मनुष्य घटनेशी निष्ठेची शपथ घेतो म्हणाला तरी ती मनापासून कशी असणार? सभागृह ही काही धर्मशाळा नव्हे. स्वतःची अब्रू राखण्याचा अधिकार प्रत्येक संस्थेस असतो. शिवाय एका लहानशा वस्तीने जे केले त्याविषयी साऱ्या राज्याच्या प्रतिनिधींनी बहुमताने मत दिले, तर लोकशाहीला ह्याहून काय हवे?

ह्यांतील पहिला युक्तिवाद फार वेळ टिकण्यासारखा नाही. शपथ घेण्यास तयार असलेल्या मनुष्याचे अंतःकरण तपासण्याचे यंत्र कोणत्याही सभागृहाजवळ नसते. आणि ज्याची मते आपल्याला रुचत नाहीत त्याचीच शपथ तेवढी खोटी, असे एकदा धरले म्हणजे शपथ ही निष्ठेची कसोटी न राहता बहुमताशी सहमत असण्याचा दाखला होते. ५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बॉंड ह्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा मुख्य न्यायाधीश वॉरेन ह्यांनी हेच दाखविले, आणि पुढे जाऊन असे म्हटले की, वादग्रस्त प्रश्नांवर उघड भूमिका घेणे हे तर प्रतिनिधीचे कर्तव्यच आहे. त्यावाचून मतदारांनी त्याची पारख कशी करावी?

खरा विचार करावयास लावणारा युक्तिवाद बहुमताचा आहे. आम्ही स्वतः पुष्कळ दिवस त्याच्या भुरळीत होतो. परंतु बहुमताचा निर्णय अल्पमताने का पाळावा, ह्या प्रश्नाच्या मुळाशी गेले म्हणजे ही भुरळ उतरते. एकोल्सच्या शेतकऱ्याने पसंत केलेला कायदा अटलांटाच्या मजुराने का मानावा? तो शहाणपणाचा आहे म्हणून नव्हे, कारण तसा तो असेलच असे नाही. तो कायदा ठरत असताना आपले म्हणणे मांडणारा, आपण निवडलेला, एक मनुष्य आत बसलेला होता. त्याचे म्हणणे ऐकले गेले, मोजले गेले आणि मग पडले. म्हणून तो मानावयाचा. हरलेल्याने निकाल मान्य करावा ह्यासाठी त्याला खेळू दिलेले असले पाहिजे. बहुमतास अल्पमताचा पराभव करण्याचा अधिकार आहे; अल्पमताच्या वतीने कोणी बोलावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र नाही. हा दुसरा अधिकार त्याने बळकावला की पहिल्याचाही आधार जातो. १३६ व्या मतदारसंघातील माणसांनी १९६६ सालीही कर भरले, त्या वर्षी झालेले कायदे त्यांनाही लागू झाले. पण ते कायदे होत असताना त्यांची खुर्ची रिकामी होती. शिक्षा बॉंड ह्यांना झाली असे आपण म्हणतो, परंतु त्यांचे काय गेले? त्यांचे नाव देशभर झाले. गेले ते त्या साडेसहा हजारांचे. म्हणूनच त्या मतदारसंघात राहणारे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हे पुढारी म्हणून नव्हे, तर केवळ एक मतदार म्हणून बॉंड ह्यांच्यासह फिर्यादी झाले. हे पाऊल आम्हांस फार मर्माचे वाटते.

कोणी म्हणेल, बॉंड ह्यांचे व्हिएतनामविषयीचे मत त्यांच्या मतदारांचे तरी कोठे होते? जूनमध्ये मते देताना त्यांना हे पत्रक ठाऊक नव्हते. शंका रास्त आहे. प्रतिनिधी हा मतदारांचा सांगकाम्या की स्वतःची बुद्धी चालविणारा विश्वस्त, हा वाद एडमंड बर्कने ब्रिस्टलच्या मतदारांपुढे १७७४ साली केलेल्या भाषणापासून आम्ही दरवर्षी वर्गात शिकवीत आलो आहोत, आणि तो मिटलेला नाही. पण तो मिटवावयाचा झाल्यास कोणी मिटवावा? ब्रिस्टलकरांना बर्क पटेनासा झाला तेव्हा १७८० साली त्याला तेथून हटावे लागले. अटलांटाच्या लोकांनाही तीच संधी मिळाली. जागा रिकामी ठरवून सभागृहाने पोटनिवडणूक लावली, आणि २३ फेब्रुवारी १९६६ रोजी मतदारांनी बॉंड ह्यांनाच पुन्हा पाठविले. आता तर पत्रक सर्वांना ठाऊक होते! मे महिन्यात सभागृहाच्या समितीने विचारले, मते मागे घेता काय? त्यांनी नाही म्हटले, आणि दार पुन्हा बंद झाले. ८ नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांनी तिसऱ्यांदा तेच नाव लिहिले. वाचकांनी त्या मतदारांच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. एकाच प्रश्नाचे एकच उत्तर तीनदा द्यावे लागणे, आणि तेही उत्तर विचारणाऱ्यास ऐकावयाचे नाही हे ठाऊक असताना देणे, ह्याला जी चिकाटी लागते ती वीराच्या चिकाटीहून कमी प्रतीची आहे असे आम्हांस वाटत नाही. पोवाडे मात्र तिचे होत नाहीत.

इंग्रजी इतिहासाच्या वाचकास हे सारे ओळखीचे वाटेल. १७६९ साली मिडलसेक्सच्या मतदारांनी जॉन विल्क्स ह्यास ११४३ मते दिली आणि पार्लमेंटने २९६ मते मिळविणाऱ्या लट्रेलला निवडून आलेला ठरविले. पुढे १७८२ साली तो ठराव दप्तरातून खोडून टाकण्याची पाळी आली. नॉर्दम्प्टनचे चार्ल्स ब्रॅडलॉ ह्यांचे उदाहरण तर आपल्याला अधिक जवळचे. निरीश्वरवादी म्हणून त्यांची शपथ घेण्यास सभागृहाने नकार दिला. १८८० पासून नॉर्दम्प्टनने त्यांना पुनःपुन्हा निवडले आणि १८८६ साली कोठे ते आत बसले. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेच्या मुंबईतील अधिवेशनास आले होते. स्वतःला एकही मत नसलेल्या एका देशाचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्याकडे तेव्हा पाहिले गेले. दार बंद असताना बाहेर उभे राहणे कसे असते हे त्यांना चांगले ठाऊक होते, तेव्हा ही निवड चुकली असे कोण म्हणेल?

सभागृहाला आपल्या सभासदास काढण्याचा अधिकार कधीच नसावा, असा मात्र आमचा पक्ष नाही. २००५ च्या डिसेंबरात प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून आपल्या संसदेने अकरा खासदारांना काढले आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार उचलून धरला. लाच घेणारा आपल्या मतदारांची जागा परस्पर विकतो; त्याला काढणे म्हणजे ती जागा मतदारांस परत करणे होय. मत बोलून दाखविणाऱ्याने काहीच विकलेले नसते. हा भेद इतका उघड असूनही रागाच्या भरात दिसेनासा होतो.

आणि राग तर आमच्याही राज्यात कमी नाही. ५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्राच्या विधानसभेने गैरवर्तनाबद्दल बारा आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले. वर्तन कसे होते ह्याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. ते वाईट होते असेच क्षणभर धरू. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन त्या अधिवेशनापलीकडे घटनाबाह्य ठरविले, आणि त्यासाठी जे कारण दिले ते वाचून आम्हांस अटलांटाची आठवण झाली. न्यायालय म्हणाले, हे तर हकालपट्टीहून वाईट. हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, पण निलंबनात जागा भरलेलीही नसते आणि रिकामीही नसते, मतदार मात्र वर्षभर मुका राहतो. जॉर्जियाच्या सभागृहाने निदान पोटनिवडणूक तरी लावली होती, हे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. ज्या पक्षाचे आमदार घरी बसतात त्या पक्षाला तेवढ्यापुरते हे तत्त्व आठवते आणि सत्ता आली की विसरते, असे सर्वत्र दिसते. पण त्यावरून तत्त्व खोटे ठरत नाही.

१९६७ च्या जानेवारीत बॉंड ह्यांनी शपथ घेतली. पुढे वीस वर्षे ते जॉर्जियाच्या दोन्ही सभागृहांत मिळून बसले; २०१५ साली ते वारले. तेथील सभागृह आता १८० सभासदांचे आहे. दर जनगणनेनंतर सीमा नव्याने आखल्या जातात, क्रमांक फिरतात. १३६ हा आकडा म्हणजे काही कायमची भूमी नव्हे. पण १९६६ च्या त्या वर्षात जे कायदे झाले ते तसेच राहिले, १३६ व्या मतदारसंघाचा आवाज त्यांत कोठेही नसताना. सर्वोच्च न्यायालयालाही ते वर्ष परत देता आले नाही.

आता आमची गोष्ट. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथील वाङ्मयमंडळाचे अध्यक्षपद आमच्याकडे होते. प्रत्येक वर्गाने एक प्रतिनिधी निवडून मंडळाच्या समितीवर पाठवावा असा नियम होता. एका वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाने एक असा मुलगा निवडला की, ज्याने आदल्याच आठवड्यात वक्तृत्वाच्या सभेत, आपल्या महाविद्यालयाचे वार्षिक म्हणजे प्राध्यापकांनी प्राध्यापकांची केलेली भलामण आहे, असे भर सभेत म्हटले होते. सभा हसली होती. आम्ही हसलो नव्हतो. समितीच्या पहिल्या बैठकीत आम्ही त्याला शांतपणे सांगितले की, ज्याला मंडळाच्या कार्याविषयी आदर नाही त्याने मंडळावर बसणे योग्य नव्हे. आवाज चढविला नाही. त्याचे आम्हांस तेव्हा समाधानही वाटले. समितीतील दुसऱ्या कोणी विरोध केला नाही. मुलगा उठून गेला. वर्गाला आम्ही दुसरे नाव पाठविण्याविषयी चिठ्ठी लिहिली.

चार दिवसांनी शिपायाने वर्गाकडून आलेला कागद टेबलावर ठेवला. वरच्या बाजूस तारीख होती. मध्ये नाव लिहिण्याची जागा कोरी होती, आणि खाली वर्गातील मुलामुलींच्या सह्या, एकीखाली एक, कागद संपेपर्यंत. आम्ही त्याला उद्धटपणा म्हटले आणि कागद फाइलीत लावून टाकला. ते वर्ष मंडळाच्या प्रत्येक बैठकीत एक खुर्ची रिकामी राहिली. वार्षिक वेळेवर निघाले. नोकरी बदलताना जुनी कागदपत्रे चाळली तेव्हा तो कागद पुन्हा हाती आला. त्या वेळी आम्ही प्रथमच सह्या मोजल्या. एकेचाळीस होत्या.